ओठ तर जुळला, मग बाळाचं नाक बसकंच का दिसतं?

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया करून बाळ घरी आलं की पहिले काही दिवस सगळ्यांचं लक्ष ओठावर असतं. टाके नीट आहेत ना, दूध पिताना दुखत नाही ना, वण किती राहील. नाकाकडे नजर जाते ती दोन-तीन महिन्यांनी. तोवर सूज उतरलेली असते, बाळाला बघायला येणारे नातेवाईक येऊन गेलेले असतात आणि त्यांच्यापैकी कुणीतरी बोलून गेलेलं असतं, "ओठ छान झाला हो, पण नाक बसकंच राहिलं."

इथून आईवडिलांची घालमेल सुरू होते. ऑपरेशन फसलं का? डॉक्टरांनी काम अर्धवट ठेवलं का? हिंगोली जिल्ह्यातल्या कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे हे विचारायचं कुणाला? औंढा नागनाथ, सेनगाव, कळमनुरीकडच्या लोकांना अशा शस्त्रक्रियेसाठी अनेकदा नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर शंभर-दोनशे किलोमीटरवर, आणि शेजारीपाजारी, मालीश करणारी बाई आणि मोबाईलवरचे व्हिडिओ मात्र हाताशी.

थोडक्यात उत्तर सांगायचं तर, ओठ शिवल्यानंतर नाक थोडं चपटं, वाकडं किंवा एका बाजूला रुंद राहणं हे बहुतेक वेळा ऑपरेशन फसल्याचं लक्षण नसतं. नाकाचा दोष ओठापेक्षा खोलवर असतो. त्याचे उपचार एका दिवसात उरकत नाहीत, मुलाच्या वाढीसोबत पंधरा-सोळा वर्षं चालतात. खरी अडचण पुढेच आहे. ओठ जुळला म्हणजे काम झालं, असं समजून अनेक घरं तिथेच थांबतात.

ओठासोबत नाक का बिघडतं?

साधारण ७०० ते १००० जन्मांमागे एका बाळाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. गर्भाचा वरचा ओठ घडतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात. मधून खाली येणारा भाग आणि दोन्ही गालांकडून पुढे येणारे भाग एकमेकांना मिळतात, आणि त्यातून वरचा ओठ, नाकपुडीचा तळ आणि पुढची हिरडी तयार होते. हे जुळणं एका बाजूला राहून गेलं तर एका बाजूचा दुभंग, दोन्हीकडे राहून गेलं तर दोन्ही बाजूंचा. ओठ आणि नाकपुडीचा तळ ही एकाच शिवणीची दोन टोकं आहेत. शिवण उसवलेली असली की दोन्ही उघडी पडतात.

ओठाभोवती एक गोल स्नायू असतो. आपण फुंकर मारतो, शीळ घालतो ती त्याच्या जोरावर. दुभंग असेल तर हा गोल तुटलेला असतो आणि त्याची सुटी टोकं भलत्याच ठिकाणी चिकटतात. एक टोक नाकपुडीच्या पाकळीच्या मुळाशी, दुसरं मधल्या दांडीच्या मुळाशी. पोटात असल्यापासून हा स्नायू त्या पाकळीला बाहेर आणि खाली ओढत असतो. बाळ जन्माला आल्यावर रडतं, तोंड हलवतं, तेव्हाही ओढ चालूच.

नाकाचा शेंडा कूर्चेचा असतो. कूर्चा म्हणजे कानाला हात लावल्यावर लागतं तसं मऊ, लवचीक हाड. दोन्ही नाकपुड्यांवर कूर्चेच्या दोन कमानी असतात. दुभंगाच्या बाजूची कमान खाली सरकलेली आणि पसरलेली असते, त्यामुळे नाकपुडी उभी गोल न दिसता आडवी पडलेली दिसते. दोन नाकपुड्यांमधला पडदाही सरळ नसतो. त्याचं खालचं टोक चांगल्या बाजूकडे ओढलेलं असतं आणि आतला भाग दुभंगाच्या बाजूला फुगलेला असतो. म्हणून यातल्या काही मुलांना एका नाकपुडीतून श्वास घेणं जड जातं.

सगळ्यात खाली आहे हाड. पाल ठोकताना एका बाजूची खुंटी खड्ड्यात गेली तर कापड कितीही ताणलं तरी पाल त्या बाजूला कलतेच. नाकाचंही तसंच आहे. दुभंगाच्या बाजूला वरच्या जबड्याचं हाड आणि हिरडी कमी असते, त्यामुळे पाकळीला टेकायला जमीनच मिळत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेत डॉक्टर स्नायू जुळवतात, कूर्चा उचलतात, पण तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या त्या जागी हाड तयार करून देणं सहसा शक्य नसतं. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नाक थोडं कललेलं राहतं, त्यामागे हे मोठं कारण आहे.

दोन्ही बाजूंचा दुभंग असेल तर नाक वाकडं कमी आणि बसकं जास्त दिसतं. शेंड्यापासून ओठापर्यंतची मधली दांडी इतकी आखूड असते की शेंडा ओठाला चिकटल्यासारखा वाटतो.

आणि ग्रहण?

गरोदरपणी ग्रहणात विळी-सुरी हातात घेतली म्हणून बाळाचा ओठ कापला गेला, हे मराठवाड्यातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात ऐकायला मिळतं. मेक्सिकोतही अशीच समजूत आहे. तिथे गरोदर बायका ग्रहणापासून बचाव म्हणून कपड्यांना धातूची पिन लावतात. हिशेब मात्र साधा आहे. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत घडून गेलेला असतो. त्या वेळी अनेक बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात लागलेलं ग्रहण आधीच जुळलेला ओठ फाडू शकत नाही.

खरी कारणं बरीच आणि एकमेकांत गुंतलेली आहेत. आनुवंशिकता, आईच्या आहारात फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, तंबाखू आणि धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, फिटवरची काही औषधं. पुष्कळदा यातलं एकही कारण सापडत नाही. आईवडिलांना दुभंग नसेल आणि एका मुलाला असेल, तर पुढच्या मुलाला तो असण्याची शक्यता तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे पुढचं बाळ दुभंगाशिवाय जन्माला येण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. सुनेला माहेरी पाठवण्याआधी हा आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

नाकाला हात लावायचा की नाही, यावर डॉक्टरांचंही एकमत नव्हतं

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास भारताशिवाय सांगताच येत नाही. सुश्रुतसंहितेत तिचं वर्णन आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ एका देशी वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकिकत चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि तिथून ही पद्धत युरोपात पोहोचली.

पण कापलेलं नाक नव्याने करणं वेगळं आणि अजून वाढायचं आहे अशा बाळाचं नाक दुरुस्त करणं वेगळं. विसाव्या शतकात बराच काळ सर्जन ओठ शिवत आणि नाक मोठेपणासाठी सोडून देत. इतक्या लहानपणी कूर्चेला हात लावला तर नाकाची वाढ खुंटेल, ही भीती होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातले सर्जन हॅरॉल्ड मॅकॉम्ब यांनी ओठासोबतच नाकाची कूर्चा मोकळी करून वर उचलायला सुरुवात केली आणि त्या मुलांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. १९८५ मध्ये त्यांनी दहा वर्षांचे आणि १९९६ मध्ये अठरा वर्षांचे निकाल प्रसिद्ध केले. नाकाची वाढ खुंटलेली नव्हती.

भारतात या विचाराचं मोठं नाव डॉ. हिरजी अडेनवाला यांचं. मुंबईचे प्लास्टिक सर्जन डॉ. चार्ल्स पिंटो हे त्यांचे गुरू. अडेनवाला केरळातल्या त्रिशूरला गेले, आयुष्यभर तिथेच दुभंगाच्या शस्त्रक्रिया करत राहिले आणि तिथल्या केंद्राला त्यांनी गुरूचं नाव दिलं. ओठ शिवतानाच नाक आणि मधला पडदा जागेवर आणावा, असा त्यांचा आग्रह होता.

आज बहुतेक ठिकाणी ओठासोबत नाकाचं थोडंफार काम केलं जातं. किती करायचं, हे दुभंग किती रुंद आहे आणि डॉक्टरांची पद्धत कोणती, यावर ठरतं. म्हणून दोन बाळांच्या नाकांची तुलना करून 'त्यांच्या डॉक्टरांनी चांगलं केलं' असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

मालीशवाल्या बाईचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण...

बाळाला तेल लावताना नाक चिमटीत धरून ओढायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. चाफेकळी नाक व्हावं म्हणून. मुलीचं असेल तर जरा जास्तच, कारण 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण अजून कुणी विसरलेलं नाही. दुभंगाचं बाळ असेल तर आजी आणि मालीशवाली दोघी मिळून नाक 'वळवायला' घेतात.

यात एक गोष्ट खरी आहे. नवजात बाळाची कूर्चा खरोखरच मऊ असते. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे जन्मानंतरचे काही आठवडे ती जास्त लवचीक राहते, असं मानलं जातं. जपानी सर्जन मात्सुओ यांनी नवजात बाळांचे वाकडे कान शस्त्रक्रियेशिवाय सरळ करून दाखवले ते याच गुणाच्या आधारे, आणि पुढे तीच कल्पना नाकासाठी वापरली. पण या मऊपणाची मुदत फार थोडी असते. पहिले दीड-दोन महिने सगळ्यात चांगले, तीन-चार महिन्यांनंतर कूर्चा बरीच घट्ट होते. शिवाय आकार बदलायचा तर हलका दाब दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे लागतो. आंघोळीआधी दोन मिनिटं चिमटा काढून तो बदलत नाही.

ऑपरेशननंतर तर ही चिमटी धोक्याचीच. आत कूर्चा उचलून धरणारे टाके असतात. ते ताणले गेले, सुटले तर डॉक्टरांनी मिळवलेलं तिथेच गेलं. वसमतची हळद देशभर नावाजलेली आहे, पण तीही ताज्या टाक्यांवर भरायची नाही. तेल, तूप, काजळ, तंबाखूची राख यापैकी काहीच नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि स्वच्छता, एवढंच.

मऊ कूर्चेचा फायदा शस्त्रीय पद्धतीने घेण्याचा एक मार्ग आहे, तोही शस्त्रक्रियेच्या आधी. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. बॅरी ग्रेसन आणि डॉ. कोर्ट कटिंग यांनी तो रुळवला. बाळाच्या टाळूच्या मापाची प्लास्टिकची पट्टी करतात. तिने हिरडीचे दोन भाग हळूहळू जवळ येतात आणि पट्टीला जोडलेला छोटा दांडा बसकी नाकपुडी आतून उचलून धरतो. पट्टी पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करावी लागते आणि तीन-चार महिने दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दंतवैद्याकडे जाऊन घासून-वाढवून घ्यावी लागते.

सेनगाव तालुक्यातल्या शेतमजूर बाईने तान्हं बाळ घेऊन दर आठवड्याला मोठ्या शहरात जायचं, म्हणजे मजुरी बुडवून एसटीचा पूर्ण दिवस. हे अनेकींना जमणारं नाही. आणि न जमल्याबद्दल त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. पट्टीने नाकाला सुरुवातीला फायदा होतो असं अनेक सर्जन सांगतात, पण मोठेपणी तो किती उरतो यावर त्यांचंही एकमत नाही. पट्टी शक्य नसेल तर साधी चिकटपट्टी ओठावर आडवी लावून दुभंग थोडा जवळ आणता येतो. ती कशी लावायची हे मात्र एकदा डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावं लागतं.

शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं वर्ष

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. डॉक्टर जुना 'दहाचा नियम' सांगतात: वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १०. आपल्याकडे घोडं अडतं ते वजनापाशी. टाळूही दुभंगलेली असेल तर बाळाला दूध ओढता येत नाही. अशा वेळी आईचं दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, बाळाला उभं धरून थोडं थोडं पाजणं आणि मध्ये मध्ये ढेकर काढणं, हाच नाकाच्या उपचाराचाही पहिला टप्पा म्हणायचा. वजन वाढलं नाही तर भूल देता येत नाही आणि तारीख पुढे जात राहते.

ऑपरेशन झालं की पहिल्या आठवड्यात नाक सुजलेलं आणि बऱ्याचदा छान वर उचललेलं दिसतं. मोबाईलमध्ये फोटो काढले जातात ते याच दिवसांत. नंतर सूज उतरते आणि पुढच्या काही महिन्यांत नाकपुडी पुन्हा थोडी खाली बसते, थोडी पसरते. आतला वण आकसत असतो, चांगल्या बाजूची नाकपुडी वेगाने वाढत असते आणि खाली हाड कमीच असतं. हे बसणं सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात होतं. तैवानमधल्या सर्जनांनी अशा बाळांची मापं घेऊन हे नोंदवलं आणि मग शस्त्रक्रियेतच नाकपुडी गरजेपेक्षा थोडी जास्त उचलून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे बसली तरी बरोबरीला येईल. त्यामुळे काही बाळांची दुभंगाच्या बाजूची नाकपुडी सुरुवातीला उलट लहान किंवा उंच दिसते. तीही चूक नसते.

ओठावरचा वणही या काळात रंग बदलतो. पहिले दोन-तीन महिने तो लाल आणि कडक असतो, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. सहा महिने ते वर्षभरात तो मऊ आणि फिका होतो. म्हणून तिसऱ्या महिन्यात आरशापुढे बाळाला धरून निकाल लावू नये.

नाकपुडी बसू नये म्हणून अनेक डॉक्टर सिलिकॉनची छोटी नळी देतात. ती दोन्ही नाकपुड्यांत बसते, तिला मधून भोकं असतात, त्यामुळे श्वास अडत नाही. साधारण सहा महिने, जवळजवळ दिवसरात्र वापरावी लागते. ऐकायला सोपं आहे, पण बाळ ती ओढून काढतं, शिंकेसरशी उडते, गोधडीत हरवते आणि दोन महिन्यांनी लहान पडते. बरेच जण इथे कंटाळतात. काही गोष्टी लक्षात ठेवल्या तर निभावतं. नळी गालावर चिकटपट्टीने पक्की करावी. रोज काढून उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी. नाकपुडीची कडा लाल किंवा पांढरट पडली, जखम झाली तर नळी काढून डॉक्टरांना फोन करावा. आणि मोठ्या मापाची नळी कधी घ्यायची, हे घरी येतानाच विचारून ठेवावं. प्रत्येक डॉक्टर नळी देतातच असं नाही, न दिली म्हणून उपचार अपुरा झाला असंही नाही.

वणाची मालीश मात्र खरीच करायची असते, फक्त टाके पूर्ण भरल्यावर, सहसा तीन-चार आठवड्यांनी आणि डॉक्टरांनी दाखवली तशीच. ती ओठाच्या वणावर बोटाने दाब देऊन करायची असते. नाक ओढून नव्हे.

नाकातून घुरघुर आवाज येणं, खपली धरणं सुरुवातीला चालतं. डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे थेंब त्यावर पुरतात. पण टाके उघडले, पू किंवा न थांबणारं रक्त आलं, ताप चढला, बाळ दूध घेईना, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा ओठ निळसर पडले, तर त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्यायचं. ऑपरेशन लातूरला झालंय म्हणून लातूरपर्यंत थांबायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'आधी आणि नंतर'

सोशल मीडियावर फिरणारे आधी-नंतरचे फोटो जवळपास नेहमी समोरून काढलेले असतात आणि ओठासाठी काढलेले असतात. नाकाचा खरा आकार कळतो तो खालून, हनुवटीच्या बाजूने पाहिल्यावर. डॉक्टर तपासणीत बाळाची मान मागे करून फोटो घेतात ते त्यासाठीच. घरी असाच फोटो दर महिन्याला, एकाच उजेडात काढून ठेवला तर पुढच्या तपासणीला त्याचा फार उपयोग होतो. नाक खरंच बसतंय की मनाला वाटतंय, हेही त्यावरून समजतं.

पुढे काय काय होतं?

टाळू दुभंगलेली असेल तर तिची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, बोलणं सुरू होण्याच्या सुमारास. नाक फारच वेगळं दिसत असेल, मुलं चिडवत असतील, तर काही डॉक्टर पाच-सहा वर्षांच्या वयात, शाळेच्या आसपास एक छोटी दुरुस्ती करतात. सगळ्यांनाच ती लागत नाही.

हिरडीही दुभंगलेली असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यानचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोकांना माहीत नसतो. कमरेच्या हाडातून थोडं हाड घेऊन ते हिरडीच्या फटीत भरतात. मुख्य हेतू कायमचा सुळा नीट यावा हा. पण त्याच हाडाने नाकाच्या पाकळीलाही खाली आधार मिळतो. पालीची खड्ड्यातली खुंटी अखेर जमिनीवर येते ती इथे. सुळा उतरण्याआधी हे व्हावं लागतं. वय निघून गेलं तर नंतर करता येतं, पण निकाल तितका चांगला मिळत नाही.

शेवटची, नाकाची मोठी शस्त्रक्रिया चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर. मुलींची साधारण १४ ते १६, मुलांची १६ ते १८ या वयात. त्यात कूर्चा, पडदा आणि शेंडा सगळंच नीट केलं जातं, गरज पडली तर बरगडीची कूर्चा वापरून. नाक पूर्ण सारखं होईल, असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. फरक मात्र मोठा पडतो, दिसण्यात आणि श्वास घेण्यातही.

हिंगोलीत सुरुवात कुठून करायची?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरमध्ये फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते आणि दुभंगलेला ओठ व टाळू हा त्यातल्या जन्मजात दोषांपैकी एक आहे. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. बाळाला दुभंग असेल तर आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत या पथकाकडे आणि तिथून हिंगोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नोंद करून घ्यावी. मोफत शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवलं जातं ते तिथून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारता येतं. मराठवाड्यात लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांच्या रुग्णालयात 'स्माईल ट्रेन' या संस्थेच्या मदतीने दुभंगाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात.

मोफत शस्त्रक्रियांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पंढरपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित अपघातानंतर व्हीलचेअरवर असूनही दरवर्षी भारतात येऊन शिबिरं घेत. पुण्यात भारतीय जैन संघटनेने भरवलेल्या त्यांच्या शिबिरांना रांगा लागायच्या. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. ज्यांना दवाखान्याची पायरी चढणं परवडत नव्हतं अशा कितीतरी मुलांचे ओठ अशा शिबिरांमुळे जुळले. पण शिबिर दोन-चार दिवसांचं असतं आणि नाकाला पंधरा वर्षं लागतात. २००९ मध्ये ऑस्कर मिळवलेला 'स्माईल पिंकी' हा माहितीपटही मुलीचा ओठ जुळून ती हसते तिथवरच येतो. नाकाची गोष्ट त्यानंतर सुरू होते.

पाठपुरावा सुटतो तो बहुतेक वेळा निष्काळजीपणामुळे नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघालेलं कुटुंब उन्हाळ्यापर्यंत गावात नसतं आणि सहा महिन्यांची तपासणी नेमकी त्याच काळात येते. फोनचं सिम बदलतं, रुग्णालयाचा फोन लागत नाही. फाईल गळक्या पत्र्याखाली भिजते. त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांकडून पुढची तारीख मागेपुढे करून घेणं, डिस्चार्ज कार्डाचा फोटो दोन मोबाईलमध्ये ठेवणं आणि आशाताईकडे एक नंबर देऊन ठेवणं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

ज्यांचं मूल आता मोठं झालंय आणि ज्यांनी ओठानंतर काहीच केलं नाही, त्यांच्यासाठीही वेळ गेलेली नाही. आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर हिरडीतल्या हाडाबद्दल लगेच विचारावं. पंधरा-सोळा वर्षांचं असेल तर नाकाच्या शेवटच्या शस्त्रक्रियेबद्दल. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा १८ वर्षांची आहे आणि मुलांच्या नाकाची शेवटची शस्त्रक्रिया नेमकी १६ ते १८ मध्ये येते. दहावीचा निकाल लागला की त्याच सुट्टीत जिल्हा रुग्णालयात जाऊन नोंद केलेली बरी.